मार्जारकिशोर-न्याय आणि वारकऱ्याची दया

शास्त्रग्रंथांत 'न्याय' या शब्दाचा एक अर्थ दृष्टांत असा आहे. देहलीदीप-न्याय, काकतालीय-न्याय, अंधपंगु-न्याय असे कितीतरी न्याय आम्ही पाठशाळेत घोकले. त्यांतले दोन भक्तिमार्गाच्या अगदी जवळचे आहेत. एक मर्कटकिशोर-न्याय आणि दुसरा मार्जारकिशोर-न्याय. माकडिणीचे पिलू आईच्या पोटाला आपल्या हातांनी बिलगून राहते. उडी मारते ती आई. पण धरून राहण्याचे काम पिलाचे. मांजरीचे पिलू मात्र काहीच करीत नाही. ठेवले तिथे पडून राहते, ओरडते. आई येते, मानगुटीला धरते आणि उचलून नेते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत या दोन पिलांवरून दोन पक्ष झाले. वेदान्तदेशिकांना मानणारा वडकलै पक्ष म्हणतो, जीवाने आपल्याकडून काही तरी धरले पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारा तेंकलै पक्ष म्हणतो, उचलणारा तो आणि धरणाराही तोच. जीवाने फक्त आड येऊ नये.

आम्हा वारकऱ्यांत हा वाद कोणी फारसा माजविला नाही. नाम धरायचे ते आपणच, आणि पंढरीच्या आईने उचलून घ्यावे ही आसही आपलीच. आम्ही विठ्ठलाला माउली म्हणतो, ज्ञानोबारायांना माउली म्हणतो, आणि वारीच्या वाटेवर भेटेल त्या अनोळखी माणसाच्या पायाला हात लावून त्यालाही माउलीच म्हणतो. तेव्हा 'आई' या एका शब्दात आमचा सगळा संप्रदाय येऊन बसला आहे म्हटले तरी चालेल.

पण भाविकहो, या दृष्टांताची एक बाजू नेहमी अंधारात राहते. कीर्तनात आम्ही पिलाची निश्चिंतता रंगवून सांगतो. मांजरीचे कष्ट कोणी सांगत नाही. ते आठवतात कधी, तर मांजर नाहीशी झाल्यावर. समजा मांजर मोटारीखाली सापडली आणि माळ्यावरच्या अडगळीत चार पिले दोन दिवस ओरडत आहेत. आता दृष्टांत कुठे गेला? पिलू आपले काम चोख करीत आहे, म्हणजे ओरडत आहे. उचलणारीची जागा रिकामी आहे, आणि त्या जागेजवळ नेमके तुम्ही उभे आहात. घरात तुळशीवृंदावन, गळ्यात माळ, मुखात हरिनाम. आता काय करणार?

हा प्रश्न आमच्या पदरचा नव्हे. कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी बुक्का लावून पाया पडू लागली, की कोणीतरी मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "महाराज, घरात मांजराची पिलं आहेत, आई गेली. गाईचं दूध पाजतो तर हगवण लागते अन् मरतात. एखादं जगलंच, तर जनावरांचे डॉक्टर म्हणतात याला अंडं द्या, मांस द्या. आमच्या घरात तर कांदासुद्धा एकादशीला वर्ज्य. काय करावं?" विचारणारी बहुधा एखादी सासुरवाशीण असते, नाही तर शाळेत जाणारा पोरगा. जाणती माणसे असले विचारीत नाहीत. त्यांना प्रश्न लहान वाटतो. आम्हाला तो लहान वाटत नाही. भूतदया म्हणून ज्या गुणाचा आपण उठता-बसता उच्चार करतो, तो खरा आहे की तोंडचा आहे, हे या मूठभर प्राण्यापुढे कळते.

शास्त्राची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडावा. या बाबतीत तीन पूर्वपक्ष आमच्या कानी येतात.

पहिला म्हणतो, "ज्याचे त्याचे प्रारब्ध. आई मेली हे त्यांचे कर्म. आपण मध्ये पडणारे कोण?" यावर उत्तर सोपे आहे. पिलाचे प्रारब्ध असेल तसे असो. पण ते तुमच्याच माळ्यावर, तुमच्याच कानी पडेल असे ओरडले, हे तुमचे प्रारब्ध नव्हे काय? प्रारब्धाचा सिद्धांत आपल्यावर आलेले दुःख सोसण्यासाठी आहे. दुसऱ्याचे दुःख टाळून पुढे जाण्यासाठी नाही. आमच्या पंढरपुरातच राका कुंभार होऊन गेले. महिपतिबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त त्यांची कथा दिली आहे. मांजरीने कच्च्या मडक्यात पिले घातली होती. आवा रचताना ते कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि आवा पेटला. मग मांजर त्या जाळाभोवती ओरडत फिरू लागली, तेव्हा राकांना उमगले. 'मांजरच ती' असे त्यांनी म्हटले नाही, 'तिचे कर्म' असेही म्हटले नाही. ते तळमळले, पांडुरंगाचा धावा केला, आणि सगळा आवा भाजून निघाला तरी ती मडकी कच्ची राहून पिले जिवंत निघाली, अशी कथा आहे. या कथेतला चमत्कार सगळे सांगतात. आम्हाला त्यातली तळमळ मोठी वाटते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पेटलेल्या आव्यात हात घालता येत नाही, म्हणून राकांनी देवाला हाक मारली. तुमच्या माळ्यावर काही आग लागलेली नाही. जिथे हात पोहोचतो, तिथे आधी हात घालावा. देवाला हाक मारायला तोंड मोकळेच असते.

दुसरा पूर्वपक्ष बोलत नाही, करून मोकळा होतो. तो पिले पोत्यात घालतो आणि बाजारात, नाही तर ओढ्याकाठी सोडून येतो. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे जुनी माणसे सांगत. त्या धाकाने हाताने कोणी मारीत नाही, सोडून येतो. डोळे न उघडलेले पिलू ओढ्याकाठी सोडणे म्हणजे काय, हे सांगायला तर्कशास्त्र कशाला हवे? सोन्याच्या मांजराचा खर्च वाचवला, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा पूर्वपक्ष मात्र सज्जनांचा आहे, म्हणून त्याच्याशी जास्त बोलावे लागेल. हे लोक पिलू घरात घेतात, मांडीवर घेतात, नाव ठेवतात, आणि दूधभात घालतात. "आमचे मांजर पण वारकरी आहे, महाराज! वशाटाला तोंड लावीत नाही," असे अभिमानाने सांगतात. हा अभिमान प्रेमातून आलेला आहे, यात शंका नाही. पण तो खरा आहे का, ते पाहू.

आधी आई काय करते ते पाहा. पिलू जन्मते ते आंधळे आणि बहिरे. वजन जेमतेम शंभर ग्रॅम, म्हणजे दोन मोठ्या लिंबांएवढे. डोळे उघडायला सात ते चौदा दिवस लागतात. पहिले तीन-चार आठवडे त्याला आपल्या अंगाची ऊब आपण राखता येत नाही. आईचे पोट हीच त्याची शेगडी. आई पाजते, चाटते, आणि पिलाच्या पोटाखाली व शेपटीखाली चाटते तेव्हाच त्याला लघवी-शी होते. आपले आपण तेसुद्धा त्याला साधत नाही. म्हणजे मार्जारकिशोर-न्यायात 'मांजर पिलाला उचलते' एवढेच जे आपण सांगतो, ती तिच्या कामाची फक्त सुरुवात आहे.

आता या आईची जागा घ्यायची, तर तिचा नेम घ्यावा लागेल. पहिला नियम असा, की आई खरोखरच नाही ना, हे बघावे. मांजर अन्नासाठी कित्येक तास बाहेर जाते. पिले उबेत आणि शांत असतील, तर दुरून लक्ष ठेवावे; घाईने उचलून आणणे म्हणजे आईपासून लेकरू चोरणे होय. आई असेल तर तिला नीट खायला घाला, ती पिलांचे बघून घेईल. आई नाहीच असे ठरले, तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिलाला कधी पाजू नये. गारठलेल्या पोटात दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्यात एका बाजूला ठेवावी, म्हणजे पिलाला हवे तर जवळ जाता येते, नको तर दूर सरकता येते.

दूध कोणते? इथेच बहुतेकांचे चुकते. गाय ही आपली माता खरी. पण ती वासराची आई, मांजराची नव्हे. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि स्निग्धांशही जास्त असतो. गाईच्या दुधातली साखर मात्र पिलाच्या पोटाला झेपत नाही. म्हणून ती हगवण लागते. एवढ्याशा देहातले पाणी आटायला एक दिवससुद्धा पुरतो. पिलांसाठी तयार केलेली दुधाची भुकटी आता जनावरांच्या डॉक्टरांकडे आणि शहरांतल्या दुकानांत मिळते. ती कोमट पाण्यात कालवून, मनगटावर थेंब टाकून ऊन किती ते पाहून, लहान बाटलीने किंवा सुई काढलेल्या पिचकारीने थेंब थेंब द्यावी. पिलाला तान्ह्या मुलासारखे उताणे धरू नये. दूध फुप्फुसात जाते. आईला लुचताना ते जसे पोटावर असते तसेच, पालथे, मान किंचित वर ठेवून पाजावे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पुढे हळूहळू अंतर वाढवावे. प्रत्येक वेळी पाजून झाले, की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसावे, म्हणजे आईच्या जिभेचे काम झाले. रोज वजन करावे. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास वाढले पाहिजे. वाढ थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, "महाराज, हे कीर्तन की दवाखाना?" अहो, दया ही मनातली भावना आहे असे आपण समजून बसलो, तिथेच घोटाळा झाला. नामदेवरायांची कथा आठवा. कुत्र्याने भाकरी पळवली, आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी भाकरी देवाच्या घशाला टोचेल, ही त्यांची काळजी. नाथमहाराजांनी रामेश्वराला नेण्याची गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. दोघांनीही मनातल्या मनात हळहळ केली नाही. भाकरी खाणाऱ्याला तूप दिले, तहानलेल्याला पाणी दिले. ज्याला जे हवे होते ते दिले. देणाऱ्याच्या घरात काय आहे, त्याला काय आवडते, हा हिशेब त्यांनी धरला नाही. दया घेणाऱ्याच्या मापाने करायची असते, आपल्या मापाने नव्हे, हा आमच्या मते या सगळ्या कथांचा निचोड आहे. गाईचे दूध आपल्याला पवित्र वाटते म्हणून ते पिलाला मानवत नाही. आणि त्याला न मानवणारे प्रेमाने पाजले, तरी ते मरते ते मरतेच.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिलाला दात येतात, ते घट्ट अन्नाकडे वळते, आणि आठव्या आठवड्यापर्यंत दूध सुटते. म्हणजे पहिला महिनाभर मांसाचा प्रश्नच नाही. पुष्कळांना उगाच आधीपासून धास्ती वाटते. पण महिना झाल्यावर प्रश्न दारात उभा राहतो. मांजर हा प्राणी मांसावर जगण्यासाठीच घडलेला आहे. कुत्रा भाकरीवर निभावून नेतो, मांजराला ते साधत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांसात असते. १८२७ साली ते प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळे काढले, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून त्याला हे नाव पडले. आपले शरीर ते तयार करते. मांजराच्या शरीराला ते पुरेसे तयार करता येत नाही. दुधातल्या केसीन या प्रथिनावर पोसलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा टॉरिनच्या अभावी खराब होतो, हे १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले. त्याच अभावाने मांजराचे हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. गाजरातल्या आणि पालेभाज्यांतल्या पिवळ्या रंगापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते. मांजराला तेही जमत नाही. कोणी म्हणेल, टॉरिनची पूड आणून दूधभातात मिसळू. पण एवढ्याने भागत नाही. प्रथिने, जीवनसत्त्वे, स्निग्ध पदार्थ असे बरेच काही त्याला मांसातूनच मिळते. वशाटाला तोंड न लावणारे ते 'वारकरी' मांजर हळूहळू आंधळे होत असते, आणि आपण त्याचे कौतुक करीत असतो.

"पण आमच्या आजीचे मांजर तर जन्मभर दूधभातावर जगले!" असे लगेच कोणी सांगेल. नाही हो! आजीचे मांजर कणगीखालच्या उंदरांवर जगले. दूधभात ही आजीची माया होती, मांजराचे अन्न नव्हते. आजी निजल्यावर ते रात्रभर आपले अन्न मिळवीत असे. आज शहरातल्या बंद घरात उंदीर नाही, कणगी नाही, बाहेर जायला वाट नाही. मग तोच दूधभात म्हणजे रोजची उपासमार ठरते.

आणि इथे जरा थांबून, शाकाहारी म्हणविणाऱ्या आपण सगळ्यांनी एक हिशेब करावा. ती जोंधळ्याची कणगी राखली कोणी? शेतकऱ्याच्या घरी मांजर पाळण्याचे कारण काय होते? उंदीर तिने मारले, धान्य आपण खाल्ले. म्हणजे आपल्या सात्त्विक भाकरीत मांजरीच्या शिकारीचा वाटा होताच. लाभ आपण घ्यावा आणि हिंसेचा ठपका तिच्या माथी मारावा, हे न्यायाचे नाही. आमचा हेतू कोणाला दोष देण्याचा नाही. 'मी हिंसेच्या बाहेर आहे' हा जो सूक्ष्म अहंकार माळकऱ्याच्या मनात घर करतो, तो मात्र काढून टाकावा, एवढेच म्हणणे.

महाभारताने हा अहंकार फार पूर्वीच ओळखला आहे. वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण मिथिलेतल्या धर्मव्याधाकडे धर्म शिकायला जातो. तो व्याध मांसाच्या दुकानात बसलेला. तो सांगतो, मी स्वतः मारीत नाही, स्वतः खातही नाही. आणि नांगर धरणाऱ्याच्या फाळाखाली जमिनीतले किती जीव मरतात ते बघ. जगात पूर्ण अहिंसक कोणी नाही. यत्न करून हिंसा कमी करता येते, एवढेच. तसाच शिबी राजा. कबुतर शरण आले आणि मागून ससाणा आला. ससाणा म्हणाला, हे माझे अन्न. ते काढून घेतलेस तर मी मरेन. राजाने त्याला 'आजपासून धान्य खा' असा उपदेश केला नाही. ससाण्याची भूक ही ससाण्याची भूक आहे, हे त्याने मानले. आधी दुसरे मांस देऊ केले आणि शेवटी आपलेच काढून दिले. शरणागताचे रक्षण करताना मांसभक्षकाच्या भुकेचाही मान राखणारा राजा आपण आदर्श म्हणून सांगतो, तर मग त्या कथेतला हा अर्धा भाग का विसरतो?

मांजराविषयी आपल्या ग्रंथांत आणखी एक मौजेची गोष्ट आहे. उद्योगपर्वात गंगेच्या काठी हात वर करून तप करणारे एक मांजर येते. उंदीर त्याला साधू समजून त्याच्या आश्रयाला जातात आणि एकेक करून नाहीसे होतात. मनुस्मृतीत तर ढोंगी माणसाला बैडालव्रतिक, म्हणजे मांजराचे व्रत करणारा, असेच नाव आहे. ग्रंथकार मांजराला का हसले? ते मांस खाते म्हणून नव्हे. न खाण्याचे सोंग करते म्हणून. आणि आपण काय करतो? ज्या सोंगासाठी शास्त्राने मांजराची थट्टा केली, तेच सोंग आपल्या हाताने पिलाच्या गळ्यात बांधतो.

तर मग सिद्धांत काय? माळ हे व्रत आहे. व्रत संकल्पाने लागते आणि संकल्प ज्याचा त्याने करायचा असतो. एकादशीचा उपास कितीही श्रेष्ठ असो, आपण तो तान्ह्या मुलाला घडवतो काय? आजाऱ्याला, म्हाताऱ्याला शास्त्राने मोकळीक दिली आहे. मांजराला संकल्प करता येत नाही. म्हणून त्याला माळ नाही, एकादशी नाही, आणि त्याला भगर घालणाऱ्याला पुण्यही नाही. ज्या दातांनी मांजर उंदीर धरते, त्याच दातांनी ती पिलाची मान धरते, आणि पिलाला ओरखडाही उठत नाही. ते दात दुसरे नव्हेत. ज्याने ते दात दिले, त्यानेच त्यांत ही माया ठेवली. दात नाकारून नुसती माया घेऊ म्हटले, तर त्याच्या निर्मितीत आपण दुरुस्ती सुचवल्यासारखे होते.

मग माळकऱ्याने प्रत्यक्षात काय करावे? आमच्या अल्पबुद्धीप्रमाणे तीन वाटा सांगतो. पहिली वाट अशी, की महिना-दोन महिने दुधावर वाढवून, आठ आठवड्यांचे झाले म्हणजे, ज्या घरात मासळी-मटण शिजते अशा मायाळू घरी पिलू द्यावे. यात आपले पाप शेजाऱ्याच्या पदरात टाकले असे होत नाही. त्या घरच्या ताटातले उरलेले त्याला मिळते, त्याच्यासाठी वेगळा जीव जात नाही. मात्र खाणारे घर शोधावे, नुसते घेणारे घर नव्हे. दुसरी वाट म्हणजे पिलू घरातच ठेवायचे असेल, तर मांजरांसाठी बनवलेले तयार खाद्य आणावे. त्यात मांस असते आणि टॉरिनही घातलेले असते. त्याचे भांडे वेगळे, जागा वेगळी, हात धुऊन मग देवपूजा. धर्मव्याधाने जे सांभाळले ते एवढेच: खाणे माझे नव्हे, पण पोसणे माझे आहे. एवढ्याने माळ बाटते असे आम्हाला वाटत नाही. ज्याला वाटते त्याने आपल्या गुरुजनांना विचारावे, पण विचारीपर्यंत पिलाला उपाशी ठेवू नये. तिसरी वाट, ज्याच्या मनाला हे अजिबात सोसत नाही त्याची. त्यात कमीपणा काही नाही. त्याने पहिल्याच दिवशी दुसरा सांभाळणारा शोधावा, दुधाच्या भुकटीचे पैसे आपण द्यावेत, आणि मोकळे व्हावे. निषेध आम्ही फक्त चौथ्या वाटेचा करतो. ती वाट म्हणजे पिलू आपल्याजवळ ठेवायचे, त्याचे अन्न मात्र द्यायचे नाही, आणि त्याला दया म्हणायचे.

दोन गोष्टी ओघात सांगतो. पिलू मोठे झाले, की डॉक्टरांकडून त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी. चार जीव वाचवायचे आणि त्यांच्या पोटच्या सोळांना पुन्हा पोते दाखवायचे, यात दया नाही. आणि मांजर चावले किंवा बोचकारले, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुऊन, पिसाळीच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जावे. देवाचे नाव घेत घेत जावे, पण जावे.

अन्नाचे माप झाले, आता वेळेचे. ज्येष्ठ महिन्यात पालख्या निघायला आठ दिवस उरले आहेत, पडशी भरून झाली आहे, आणि नेमके तेव्हा डोळे न उघडलेले पिलू हाती येते. आळंदीहून पंढरपूरला पोहोचायला तीन आठवडे लागतात. पिलाला दर तीन तासांनी दूध लागते. वारी चुकवू नये, हे आम्ही जन्मभर सांगत आलो आणि आजही सांगतो. घरात कोणी मागे राहणारे असेल, शेजारी कोणी मनापासून घेणारे असेल, तर सगळे नीट समजावून, दूध आणून देऊन, आनंदाने दिंडीत चालू लागावे. पिलाचे निमित्त करून वारीचा कंटाळा लपवू नये. पण खरोखरच कोणी नसेल तर? बहुतेक माणसे इथे पिलू देवावर सोडून चालू लागतात. देवावर सोडले, हा शब्द ऐकायला गोड लागतो. पण देवाने ते तुमच्यावर सोडले होते, त्याचे काय?

ज्या पंढरीला आपण जातो, ती पंढरी झाली कशी हे आठवावे. देव स्वतः भेटायला आला होता, आणि पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने सेवा टाकली नाही. वीट पुढे सारली, 'जरा थांबा' म्हटले, आणि देव थांबला. रागावून परत गेला नाही. कमरेवर हात ठेवून अजून उभा आहे. आईबाप आणि मांजराचे पिलू यांची बरोबरी आम्ही करीत नाही. पण हाती घेतलेली सेवा अर्धी टाकून भेटायला आलेला भक्त त्या देवाला आवडतो, असे त्या विटेकडे पाहून तरी वाटत नाही. आषाढी चुकली तर कार्तिकी आहे. अंध पिलाला कार्तिकी नसते. त्याला फक्त पुढचे तीन तास असतात.

रामकृष्ण हरि!